पाण्याखालचे घर

मे महिन्यात हिडकल धरणाचे पाणी खूप खाली गेले की हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते. एरवी बहुतेक काळ घटप्रभेच्या पाण्यात बुडून असलेले हे देऊळ पाहायला बेळगाव, संकेश्वर, गोकाक, निपाणीकडून माणसे येतात. चिखल तुडवत जातात, हात जोडतात, फोटो काढतात आणि पाऊस लागायच्या आत पुन्हा एकदा यायचे ठरवून परततात. आम्हीही असेच एका सकाळी गेलो होतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गाव धरणाच्या काठावरच आहे. त्याचे वडील सारा जन्म या पाण्यात मासेमारी करत आले. तेच आम्हाला वाट दाखवायला पुढे चालत होते.

देवळाजवळ आल्यावर मामा थांबले. म्हणाले, "सर, तुमाला देऊळ दिसतंय. आमाला मासळीचं घर दिसतंय. पाणी चढलं की ह्या भिंतीच्या कडेकडेनंच मासं राहतंय."

मी विचारले, "मग इथे जाळे टाकता का?"

"देवाच्या दारात कोण टाकतंय? आणि टाकलं तर दगडाला अडकून फाटतंय की!"

मग त्यांनी समोरच्या भेगाळलेल्या जमिनीकडे बोट केले. १९७७ साली धरण पुरे झाले तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे होते. बुडालेल्या शिवारात चिंचा, बाभळी, आंबे तसेच उभे होते. झाडे मेली, पण खोडे आणि फांद्या पाण्यात कितीतरी वर्षे राहिल्या. त्यांचे वडील त्या झाडांच्या खुणेवर मासे धरत. पण जाळी फाटत. फाटलेले जाळे विणायला दोन दिवस जात, नवे घ्यायचे तर पैसे लागत. म्हणून दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावातली माणसे कुऱ्हाडी घेऊन यायची. जाळ्याची वाट मोकळी व्हायची आणि चुलीला लाकूडही मिळायचे.

"आमीच तोडलाव की सर," मामा म्हणाले. "आता जाळं कुठंबी फाटत न्हाई. आणि मासंबी गावत न्हाई."

मी साहित्य शिकवणारा माणूस. मत्स्यशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण मामांचे ते वाक्य घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. मासे कमी होण्याला एकच कारण नसते. बारीक आसाची जाळी, वाढलेल्या होड्या, लहान मासळीच धरून विकणे, साठत जाणारा गाळ, अशी कितीतरी कारणे आहेत. तरीही मामा म्हणतात त्यात किती तथ्य आहे, हे शोधावेसे वाटले. शोधताना कळले की हाच प्रश्न दूरदूरच्या देशांत लोकांना पडला आहे, त्यावर मोठे प्रयोग झाले आहेत, आणि त्या प्रयोगांची उत्तरे सरळ नाहीत.

आधी साधी गोष्ट पाहू. पाण्यात पडलेली एक फांदी माशाला काय देते? पहिली गोष्ट म्हणजे आडोसा. धरणाचा तळ बहुतेक ठिकाणी उघडा, गुळगुळीत, चिखलाचा. तिथे बोटभर लांबीच्या पिल्लाला लपायला जागा नाही. मोठा मासा आला, पाणकावळा आला की ते संपले. फांद्यांच्या जाळीत मात्र पिल्लू शिरते आणि मोठा मासा बाहेर राहतो. दुसरी गोष्ट खाणे. पाण्यात चार-सहा आठवडे राहिलेल्या काठीला हात लावून पाहा, बुळबुळीत लागते. तो थर शेवाळ, जिवाणू आणि बारीक किड्यांचा असतो. लहान मासे तो कुरतडून खातात. बांगलादेशात तळ्यांत बांबू रोवून रोहू वाढवण्याचे प्रयोग झाले, ते याच थराच्या भरवशावर, आणि बांबूंच्या तळ्यांत रोहू अधिक चांगला वाढला. तिसरी गोष्ट म्हणजे अंडी. काही जातींना अंडी चिकटवायला काडी, पान, दगड लागतो. थोडक्यात, आपल्याला जे जाळे फाडणारे खोड वाटते, ते माशांच्या दृष्टीने पाळणाघर, भटारखाना आणि देवडी असे सारे एकत्र असते.

नवे धरण भरले की पहिली काही वर्षे मासळी अमाप होते, हे जुन्या लोकांकडून आपण ऐकलेले असते. ते खरे आहे आणि त्याचे कारणही ठाऊक आहे. बुडालेल्या शेतांतले खत, गवत, पाला पाण्यात कुजतो, अन्न वाढते, आणि बुडालेल्या झाडा-कुंपणांत पिल्लांना आसरा मिळतो. पुढे ते अन्न सरते. झाडे कुजतात किंवा तोडली जातात. तळावर गाळाची चादर पसरते. धरण म्हातारे होते. बाहेरून पाणी तेवढेच दिसते, पण पाण्याखालचे घर रिकामे झालेले असते.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात व्हाइट नदीवर टेबल रॉक नावाचे धरण आहे. १९५४ ते १९५८ या काळात ते बांधले गेले. जलाशय सुमारे ४३ हजार एकरांचा. तिथे मासेमारी पोटासाठी कमी आणि हौसेसाठी जास्त. माणसे लांबून गळ टाकायला येतात, राहतात, खर्च करतात, आणि त्यावर आसपासची गावे चालतात. पन्नास वर्षांत बुडालेले जंगल कुजून गेले आणि गळ टाकणाऱ्यांची तक्रार सुरू झाली. २००७ मध्ये तिथल्या राज्य सरकारच्या वनजीव खात्याने इतर संस्थांच्या मदतीने एक योजना हाती घेतली. देवदारासारख्या झाडांचे भारे, मोठ्या झाडांची खोडे, दगडांचे ढीग असे दोन हजारांहून अधिक आडोसे काही वर्षांत जलाशयाच्या तळाशी सोडले. पाणबुडे पाठवून मासे तिथे येतात का ते पाहिले. मासे आले. मग त्या जागांचे नकाशे सर्वांना खुले केले, म्हणजे कुणीही जावे आणि गळ टाकावा.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला, आपणही चार ट्रक फांद्या आणून टाकू. पण इथेच एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. फांद्यांपाशी मासे दिसतात, ते तिथे वाढले म्हणून, की दुसरीकडचे तिथे गोळा झाले म्हणून? जेम्स बोनसॅक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये समुद्रातल्या कृत्रिम खडकांबद्दल हाच प्रश्न विचारला आणि तो आजही विचारला जातो. जत्रेत गर्दी दिसली म्हणून तालुक्याची लोकसंख्या वाढली असे होत नाही. मासे नुसतेच गोळा झाले असतील तर आपण त्यांना घर दिले नाही, पकडायला सोपे मात्र केले.

विस्कॉन्सिन राज्यातल्या लिटल रॉक नावाच्या छोट्या तलावात शास्त्रज्ञांनी उलटा प्रयोग केला. हा तलाव मध्ये पडदा लावून दोन भागांत तोडलेला होता. २००२ मध्ये त्यांनी एका भागातली काठालगत पडलेली बहुतेक लाकडे उचलून नेली आणि दुसरा भाग तसाच ठेवला. लाकडे गेलेल्या भागात पर्च नावाचे लहान मासे जवळजवळ संपले. त्यांना लपायला आणि अंडी घालायला जागाच उरली नाही. त्यांच्यावर जगणारे मोठे बास मासे पाण्यात पडणारे किडे-कीटक खाऊ लागले आणि त्यांची वाढ मंदावली. मामांनी आणि त्यांच्या गावाने कुऱ्हाडीने जे केले, तेच जणू शास्त्रज्ञांनी मोजमाप ठेवून केले होते.

मग तोडलेले परत टाकले तर? त्याच राज्यात कॅम्प नावाच्या तलावात २००४ मध्ये तीनशेहून अधिक झाडे टाकून पाहिले. मासे त्या झाडांत राहायला आले, त्यांचे खाणे बदलले, पण अभ्यासाच्या काही वर्षांत त्यांची संख्या किंवा वाढ फारशी बदललेली दिसली नाही. घर मोडायला एक उन्हाळा पुरतो, पण ते पुन्हा उभे राहायला कितीतरी जास्त काळ लागतो, आणि नुसत्या भिंती उभ्या केल्या म्हणून संसार सुरू होत नाही.

सर्वांत मोठा प्रयोग जर्मनीतला. लोअर सॅक्सनी या प्रांतात वाळू-खडी काढून झालेले खड्डे पाण्याने भरून तलाव झाले आहेत. तिथल्या गळ टाकणाऱ्यांच्या संघांनी शास्त्रज्ञांना साथ दिली आणि अशा २० तलावांत सहा वर्षे दीड लाखाहून अधिक मासे मोजले गेले. काही तलावांत नवे मासे आणून सोडले, काहींत लाकडांचे भारे टाकले, काहींत काठ खणून उथळ पाण्याचा पट्टा तयार केला आणि काही तसेच ठेवले. २०२३ मध्ये हा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. नुसते मासे सोडल्याने मासे वाढले नाहीत. लाकडांचा उपयोग काही तलावांत झाला, काहींत नाही. सर्वांत जास्त फायदा झाला तो उथळ काठाचा, जिथे ऊन तळापर्यंत पोचते, पाणवनस्पती उगवतात आणि पिल्ले वाढतात.

जर्मनीतले माप आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाही. आपल्याकडे जलाशयातल्या मासेमारीचा विचार म्हटला की तो मत्स्यबीजापासून सुरू होतो आणि बरेचदा तिथेच संपतो. बोटुकली किती आणली, किती सोडली, समारंभाला कोण आले. बीज सोडणे चूक नाही. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेकडचे मासे. पुराचे वाहते पाणी मिळाल्याशिवाय ते अंडी घालत नाहीत, धरणाच्या उभ्या पाण्यात त्यांची पैदास होत नाही. त्यांच्यासाठी बीज आणून सोडावेच लागते. पण सोडलेल्या बीजापैकी जगते किती, हा खरा प्रश्न. व्ही. व्ही. सुगुणन यांनी भारतातल्या जलाशयांवर लिहिलेला मोठा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात देशातल्या जलाशयांचे उत्पन्न वर्षाला हेक्टरी सरासरी सुमारे २० किलो दिले आहे, आणि मोठ्या धरणांचे त्याहून कमी, सुमारे ११ किलो. पेरणी करायची आणि पहिल्याच दिवशी शेतात ढोरे सोडायची, तसे उघड्या तळाच्या धरणात बोटुकली सोडण्याचे होते. आडोशाचा उपयोग असेल तर तो इथे. आणि मरळीसारखे आपले देशी मासे, जे उभ्या पाण्यातच पैदास करतात, त्यांना तर उथळ, झुडपी काठच लागतो.

फांद्या टाकून मासे जमवण्याची विद्या मात्र आपल्या देशाला नवी नाही. आसामात बिलांमध्ये, म्हणजे नदीकाठच्या तळ्यांत, फांद्या आणि जलपर्णी यांचा ढीग करतात. त्याला काटल म्हणतात. बांगलादेशात अशाच ढिगाला काठा म्हणतात. हिवाळ्यात पाणी उतरते, मासे त्या सावलीत शिरतात. मग एके दिवशी भोवती जाळे लावायचे, फांद्या उचलायच्या आणि आतले सारे मासे काढून घ्यायचे. लहान, मोठे, अंड्यांवर येणारे, सगळे. मणिपूरच्या लोकताक सरोवरात तरंगत्या वनस्पतींचे गोल कुंपण करून मासे जमवण्याची रीत आहे, तिला अथाफुम म्हणतात. ती कुंपणे इतकी वाढली की सरोवराचे पाणी गुदमरू लागले. २००६ मध्ये तिथल्या सरकारने सरोवराच्या रक्षणासाठी वेगळा कायदा केला. २०११ मध्ये तरंगत्या बेटांवरच्या मच्छीमारांच्या झोपड्या जाळून हटवल्या गेल्या आणि कितीतरी घरांच्या पोटावर पाय आला.

फांद्या त्याच आणि मासेही त्याच कारणाने येणारे. एका ठिकाणी त्याचे घर होते आणि दुसऱ्या ठिकाणी सापळा. काय टाकले यापेक्षा टाकल्यावर आपण काय करतो, यावर सारे अवलंबून आहे. टेबल रॉकला आडोसे चालले, कारण तिथे माणूस एक गळ घेऊन बसतो. आपल्याकडे मैलभर जाळे लागते.

काय टाकू नये हेही एका प्रसंगातून शिकण्यासारखे आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ माशांसाठी म्हणून सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात टाकले. ते बांधलेल्या पट्ट्या गंजून तुटल्या. सुटलेले टायर लाटांबरोबर फिरू लागले आणि शेजारच्या जिवंत प्रवाळांवर आदळू लागले. २००७ पासून ते बाहेर काढण्याचे काम सुरू करावे लागले. कचरा फेकायला सोय हवी होती आणि माशांचे नाव पुढे केले, असाच तो प्रकार. आपल्या धरणाचे पाणी शेताला जाते, कितीतरी गावांच्या नळालाही जाते. तिथे टायर, प्लॅस्टिक, रंगवलेले लाकूड यांना जागा नाही. बांबू, बाभळीच्या फांद्या, दगड, बस्स.

आपल्याकडे एक अडचण आहे आणि तीच एक सोयही आहे. हिडकल काय किंवा नविलुतीर्थ काय, पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात खूप उतरते. आज जिथे वीस फूट पाणी, तिथे मे महिन्यात गुरे चरतात. म्हणून एकाच ओळीत भारे टाकून उपयोग नाही. पाणी उतरत जाईल तशी पिल्लांना पुढची जागा मिळावी, अशा तीन-चार पायऱ्यांवर ते हवेत. फार खोलात ऊन पोचत नाही, प्राणवायू कमी पडतो, तिथे टाकून फायदा नाही. पण सोय अशी, की आपल्याला होड्या आणि पाणबुडे लागत नाहीत. मे महिन्यात कोरड्या जमिनीवर चालत जायचे, बांबू रोवायचे, भारे दगडांना बांधायचे. पुढचे काम पाऊस करतो. अर्थात जमीन धरणाची, म्हणून पाटबंधारे खात्याला आणि मत्स्य खात्याला विचारूनच. लाकूड उन्हापाण्यात लवकर कुजते, तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी नवे घालावे लागेल. आणि त्या आडोशांत उपरी तिलापिया तर फोफावत नाही ना, हेही पाहत राहावे लागेल.

यापेक्षा कठीण गोष्ट वेगळी आहे. जाळी टाकणाऱ्या सगळ्यांनी मिळून म्हणायला हवे की ही जागा सोडली. वर एक खूण तरंगत ठेवायची आणि तिच्या आत जाळे न्यायचे नाही. जाळेही फाटणार नाही आणि पिल्लेही मरणार नाहीत. बाहेर पडणारा मोठा मासा मग सगळ्यांचा. सांगायला हे सोपे आहे. ज्याच्या घरी आज संध्याकाळी चूल पेटायची आहे, त्याला पुढच्या वर्षीच्या माशासाठी आजचा कोपरा सोड म्हणणे सोपे नाही. हे लिहिताना माझ्या महिन्याच्या पगाराला काही धक्का लागत नाही, याची मला जाणीव आहे.

मी पुन्हा गेलो तेव्हा हे सारे मामांना सांगितले. त्यांच्या मुलाने मोबाइलवर चित्रे दाखवली. मामा ऐकून घेत होते. शेजारी जाळे विणत बसलेले त्यांचे कन्नड सोबती हसले आणि म्हणाले, "मीन बेकु, मीनिन मनी ब्याड. नम्द अष्ट नोड्री सर." मासा हवा, पण माशाचे घर नको. दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सगळं धरण न्हाई सोडता येत. एक कोपरा सोडू. दोन पावसाळं बघू."

"कुठला कोपरा?" मुलाने विचारले.

मामा उठले आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या वडिलांच्या वेळची मोठी चिंच नेमकी कुठे होती, ते बाहेरून कळत नव्हते. वर सपाट पाणी होते. पण त्यांचा हात न चुकता एका जागेकडे गेला.